सूचना क्रमांक सात मागे घेणेबाबत

प्रति,
मा. गृहऊर्जा व सुरक्षितता अधिकारी,
श्री. ग्रँट हॅलिवेल यांचे सेवेशी,
ऑटरहेड नगरपालिका, दुसरा मजला,
ऑटरहेड, उत्तर ऑन्टारिओ.

अर्जदार : सौ. ऑने लेहतोला, निवृत्त मुख्य स्वयंपाकीण, ऑटरहेड शाळा. राहणार स्प्रूस रस्ता.

विषय : ‘घरातील भट्टीची नियमित निगा : आपले कर्तव्य’ या आपल्या पत्रकातील सूचना क्र. ७ तत्काळ मागे घेणे, व ज्या नागरिकांनी ती पाळली त्यांना ते जिवंत असतानाच तसे कळवणेबाबत.

संदर्भ : १) सदर पत्रक, पान ५. २) आपल्या खिडकी क्र. २ वरून मिळालेले उत्तर : “तोंडी काही घेत नाही.”

महोदय,

१. अर्ज कसा लिहावा याचे मार्गदर्शन आपल्या खिडकी क्र. २ वरील बाईंनी केले, त्याबद्दल प्रथम आभार. बाई म्हणाल्या, “सगळं सविस्तर लिहा. कारणं द्या. ‘मी, मी’ करू नका, ‘अर्जदार’ म्हणा. आणि रागावून लिहू नका, साहेबांना त्रास होतो.” त्याप्रमाणे हा अर्ज सविस्तर आहे, त्यात ‘मी’ कुठेही नाही, आणि राग तर औषधालाही सापडणार नाही. अर्जदाराने शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला असून या गावातील निम्म्या लोकांना लहानपणी तिने सूप वाढले आहे. आपण बाहेरगावाहून बदलून आलात, त्यामुळे तो योग हुकला.

२. अर्जदाराचे यजमान श्री. व्हेइको लेहतोला हे कागद गिरणीच्या बॉयलर विभागात होते. गिरणी बंद पडली, माणसे पांगली, पण यजमानांचे बॉयलरवरचे प्रेम काही बंद पडले नाही. ते सगळे आमच्या तळघरातल्या घर तापवणाऱ्या भट्टीवर येऊन पडले. प्रेम म्हणजे निगा नव्हे, हे अर्जदार त्यांना वरचेवर सांगत असे. दरवर्षी थंडीच्या आधी एकदा जाणकार माणूस बोलवावा, भट्टी उघडून बघावी, एवढेच तिचे म्हणणे. त्यावर यजमान म्हणत, “तीन मजली बॉयलर सांभाळलेत मी, ऑने. हे काय आहे? अंघोळीचा बंब! याला डॉक्टर कशाला?”

भट्टीत हवा गाळायची कागदी जाळी असते. ती मळली की फेकायची आणि नवी बसवायची, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या घरी ती साबणाच्या पाण्यात बुचकळून परसातल्या दोरीवर अंतर्वस्त्रांशेजारी वाळत घातली जाई. “फेकायची काय म्हणून? भोकं तर सगळी शाबूत आहेत!” असा त्यामागचा शास्त्रीय विचार होता. विषारी वायू झाला की ओरडणारी डबीही आमच्या घरी होती. ती बॅटरी संपत आल्यामुळे मधूनमधून चिवचिवू लागली, तेव्हा यजमानांनी तिला उचलून अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफ घेण्याच्या, खोलीत नेऊन ठेवले आणि म्हणाले, “इथे बस, ओरड हवी तेवढी.” डबीने आज्ञा पाळली. आम्हाला तिचा आवाज पुन्हा कधी ऐकू आला नाही.

३. आपले पत्रक दर शरदात येते. मुखपृष्ठावर पातळ सदरे घातलेले एक कुटुंब भट्टीला बिलगून हसत उभे असते. आमच्याकडे त्याच्या तीन प्रती येतात : एक यजमानांच्या नावे, एक अर्जदाराच्या नावे, आणि एक ‘घरमालक’ या नावे, जणू घरात तिसराच कोणी राहतो. तरीही अर्जदार हे पत्रक मनापासून वाचत असे व न्याहारीच्या वेळी यजमानांना वाचून दाखवत असे. यजमान विचारत, “हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी भट्टी बघितली आहे का?” अर्जदार तेव्हा त्यांना गप्प करीत असे. तो प्रश्न किती रास्त होता, हे कळायला तिला दोन हिवाळे लागले.

पासष्टीच्या पुढील नागरिकांसाठी मोफत भट्टी तपासणी, अशी योजना पत्रकाच्या शेवटच्या पानावर असते. अर्जदाराने यजमानांना न सांगता त्यासाठी नाव दिले. आपल्या कार्यालयाने तत्परतेने यजमानांना पत्र पाठवून विचारले की, आपल्या पत्नीस भट्टीची काळजी वाटते, आपणांस वाटते काय? यजमानांनी खाली लिहिले, ‘नाही. धन्यवाद.’ मग अर्जदारास पत्र आले की, घरमालक समाधानी असल्याने प्रकरण आनंदाने बंद करण्यात येत आहे. ‘आनंदाने’ हा शब्द आपल्या कार्यालयाचा आहे. घरात त्यानंतर आठवडाभर जे वातावरण होते, त्याला दुसरा शब्द आहे.

४. आता नळीबद्दल. आमच्या बाहेरच्या भिंतीतून एक मांडीएवढी जाड नळी तळघरात भट्टीपाशी उतरते. जाळाला हवा लागते, ती हवा या नळीतून येते. बाहेर उणे तीस असेल तर तीही उणे तीसच असणार. नळीने ती वाटेत शेकून आणावी अशी अपेक्षा करणे चूक आहे. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात यजमानांनी त्या नळीसमोर हात धरला आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते जिन्यातूनच ओरडत आले, “ऑने! मी इकडे गॅस जाळून घर तापवतोय आणि ही नळी बाहेरून हिवाळा ओढून आत आणतेय! कुठल्या शहाण्याने बसवली ही?” अर्जदाराने विणलेला जाड लोकरी स्वेटर त्यांनी त्या नळीत कोंबला. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्या स्वेटरचा इतका मनापासून वापर त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता.

गॅसचे बिल थोडे उतरले. यजमानांनी ही गोष्ट मित्रांना सौनात सांगितली, मित्रांनी घरी जाऊन सांगितली, आणि हिंडत हिंडत ती आपल्या कानावर आली. पुढे आपण ‘उबदार घर, हलका खर्च’ या स्पर्धेचे बक्षीस यजमानांना जाहीर केलेत. महोदय, आपण स्वतः आमच्या घरी आला होतात हे आपणांस स्मरत असेलच. कॉफी घेतलीत. तळघराच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून आपण मान वाकवून खाली पाहिलेत आणि “वा!” म्हणालात. खाली उतरला नाहीत. आपले बूट ओले होते व अर्जदाराची फरशी खराब होईल, असे आपण म्हणालात. एवढा शिष्टाचार हल्ली कोण पाळतो?

त्यानंतर आपण यजमानांना नगरपालिकेच्या सभागृहात भाषणाला बोलावलेत. चार शब्द बोलायचे म्हणजे ज्याला आधी चार दिवस गप्प बसावे लागते, तो माणूस तासभर बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या शरदात नवे पत्रक आले. पान ५ वर यजमानांचा हसरा फोटो, आणि त्याखाली : ‘सूचना क्र. ७ : तळघरात उघडी राहिलेली गार हवेची नळी जुन्या कपड्याने बंद करून उष्णता वाचवता येईल.’ यजमानांनी ते पान चौकटीत बसवून बैठकीत लावले. पत्रक गावात घरोघर गेले, प्रत्येक घरी तीन प्रती.

५. या परिच्छेदाचा भट्टीशी संबंध नाही असे आपणांस वाटेल. अर्जदारासही तसेच वाटत होते, आणि तिचे नुकसान नेमके तिथेच झाले.

अर्जदार दर रविवारी प्रार्थनेनंतर घरी वेलदोड्याचा गोड पाव भाजते. आम्हा फिनलंडकडच्या लोकांत त्याला पुल्ला म्हणतात, आणि अर्जदाराचा पुल्ला कसा असतो हे तिने स्वतः सांगणे शोभत नाही. गावात कोणालाही विचारावे. निदान पूर्वी विचारता येत असे. नळी बुजवली त्या हिवाळ्यापासून रविवारी कॉफीला येणाऱ्या माणसांची डोकी दुखू लागली. मळमळे, गरगरे, दोन घास खाऊन माणूस खुर्चीत पेंगू लागे. बाहेर गार हवेत गेले की बरे वाटे. यजमानांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे अर्जदाराच्या नणंदबाई सिल्वी, यांनी एका रविवारी ताटली बाजूला सारली आणि सर्वांदेखत म्हणाल्या, “ऑने, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्या पावात काहीतरी आहे.”

“काय आहे?” अर्जदाराने विचारले.

“ते तुलाच ठाऊक. माझं डोकं तुझ्याच घरी दुखतं. माझ्या घरी नाही, चर्चमध्ये नाही, दुकानात नाही.”

नणंदेच्या जिभेला हाड नसते म्हणून अर्जदाराने ते हसण्यावारी नेले. पण मनात पाल चुकचुकली. तिने पीठ बदलले. लोणी बदलले. वेलदोडे थंडर बे शहराहून मागवले. कॉफीचे भांडे खसाखसा घासून काढले, मग नवीनच घेतले. तिचे स्वतःचे डोके दुखे ते ती काळजीने दुखते असे समजे. डॉक्टरांनी यजमानांच्या रक्तदाबाची गोळी बदलली आणि अर्जदाराच्या चष्म्याचा नंबर बदलला. उपयोग झाला नाही. डोळ्यांना मात्र नणंदबाईंच्या कपाळावरच्या आठ्या जास्त स्पष्ट दिसू लागल्या.

गेल्या शरदात चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. हातात फुले होती, तेव्हाच अर्जदार समजली की काहीतरी काढून घ्यायला आल्या आहेत. “ऑने, तू किती वर्षं राबलीस,” त्या म्हणाल्या, “यंदा नाताळच्या बाजारात तू आराम कर. पाव आपण दुकानातून आणू.” दुकानातून! महोदय, या गावात लग्न असो, बारसे असो, मयत असो, अर्जदाराच्या हातच्या पुल्ल्याशिवाय कॉफी ओतली गेलेली नव्हती. बाई गेल्यावर अर्जदाराने ओव्हनवर कापड टाकले आणि भाजणे बंद केले. आणि गंमत म्हणजे, ज्या रविवारपासून तिने भाजणे बंद केले त्या रविवारपासून कोणाचेही डोके दुखले नाही. नणंदबाई नुसत्या दुकानातला केक चघळत अर्जदाराकडे बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

अर्जदार त्या दिवसांत पहाटे उठून नुसतीच टेबलाशी बसे. आपल्या हातूनच माणसांना बाधा होते, असे ज्या स्वयंपाकिणीला पटते, तिने पुढे काय करायचे असते, याबद्दल आपल्या पत्रकात सूचना नाही.

६. जानेवारीत यजमानांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेले नाही. त्या दिवशी मागितले. म्हणाले, “पुल्ला कर. डोकं दुखलं तर माझं दुखू दे.” यापेक्षा गोड बोलणे अर्जदाराने त्यांच्या तोंडून ऐकलेले नव्हते. तिने ओव्हनवरचे कापड काढले. बाहेर उणे अडतीस होते, भट्टी सकाळपासून अखंड चालू होती. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा अर्जदाराने नेहमीप्रमाणे मोठा केला. शिवाय पाहुण्यांसाठी टेबलावरची कापडे धुतलेली होती, म्हणून कपडे वाळवायचे यंत्रही चालू केले. दुपारी नणंदबाई आल्या. यजमान जादा खुर्च्या आणायला तळघरात गेले.

कॉफी निवली तरी ते वर आले नाहीत. अर्जदाराने जिन्यावरून हाक मारली. उत्तर आले नाही. खाली जाऊन पाहते तो यजमान शेवटच्या पायरीवर बसलेले, मांडीवर एक खुर्ची, जणू तिलाच बसवून घेतले आहे. “व्हेइको, काय झालं?” तर म्हणाले, “काही नाही. जरा बसलोय.” शब्द एकमेकांत चिकटून बाहेर पडत होते. ते उठायला गेले आणि पाय त्यांचे राहिले नाहीत. अर्जदाराच्या डोळ्यांपुढेही काजवे चमकले. तिने त्यांना बगलेत धरून एकेक पायरी ओढत वर आणले. शाळेतली सुपाची पातेली उचलून जे दंड झाले होते ते त्या दिवशी कामी आले. वर नणंदबाई न्हाणीघरात ओकत होत्या आणि ओकता ओकता म्हणत होत्या, “सांगितलं होतं! मी सांगितलं होतं पाव खाऊ नका म्हणून!”

अर्जदाराने टेबलाकडे पाहिले. महोदय, पाव कोणी कापलाच नव्हता. सुरी जागच्या जागी होती, पुल्ला अख्खा होता.

त्या क्षणी तिला कळले की हे पावाचे नाही. काय आहे ते कळले नव्हते, पण जे आहे ते घरात आहे एवढे कळले. तिने सगळी दारे उघडली, दोघांनाही कोटासकट पायरीवर बर्फात बसवले आणि रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात यजमानांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. डॉक्टर म्हणाले, “आणखी थोडा वेळ ते तिथे बसले असते, तर आपण वेगळ्या खोलीत बोलत असतो.” नणंदबाई शेजारच्या खाटेवर होत्या. त्यांनी मुखवटा बाजूला करून अर्जदाराचा हात धरला आणि फक्त “ऑने” म्हणाल्या. आम्हा फिनिश माणसांत याला जाहीर माफी म्हणतात.

७. दुसऱ्या दिवशी गॅसची तंत्रज्ञ गिस्लेन त्रुदेल आली. ही मुलगी अर्जदाराच्याच हातचे सूप पिऊन मोठी झालेली आहे. ती तळघरात उतरली. तिचे बूटही ओले होते, तरी उतरली. थोड्या वेळाने ती हातात स्वेटर घेऊन वर आली.

“हा कुणाचा?”

“माझा,” यजमान म्हणाले. ते इस्पितळातून तासाभरापूर्वी आले होते.

“विणलाय छान. अंगात घालायचा असतो.”

मग तिने समजावून सांगितले ते असे : “घराला नाकपुडी एकच होती, तीही तुम्ही बुजवलीत. वर पंखा हवा बाहेर फेकतोय, यंत्र हवा बाहेर फेकतंय. मग घर हवा आणणार कुठून? धुराड्यातून. जो धूर वर जायचा तो उलटा खाली. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, म्हणून कळलं नाही. रविवारी पाव भाजता ना, म्हणून रविवारीच.” मग भट्टीचे पोट उघडून तिने आत साचलेली काजळी, चिरलेला पत्रा आणि धुवून धुवून लगदा झालेली कागदी जाळी दाखवली. “वर्षातून एकदा कुणी नुसतं उघडून बघितलं असतं,” ती म्हणाली, “तरी पहिल्याच वर्षी कळलं असतं.” भट्टीला तिने ‘वापरू नये’ अशी लाल चिठ्ठी बांधली आणि गॅस बंद केला. नवी भट्टी बसेपर्यंत आम्ही नणंदबाईंकडे राहिलो. तिथे यजमान तीन दिवस तळघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, “ऑने, ते भाषण.”

८. तेथून आपल्या कार्यालयाशी आमचा संबंध सुरू झाला. अर्जदार पहिल्यांदा आली तेव्हा तोंडी घेत नाहीत असे कळले. दूरध्वनी केला तेव्हा दूरध्वनी हाही तोंडीच असतो असे कळले. दुसऱ्या खेपेला आपले सहायक भेटले. त्यांनी पत्रक उघडून पान ५ वर बोट ठेवले आणि म्हणाले, “बाई, नीट वाचा. ‘बंद करावी’ असं कुठे लिहिलंय? ‘करता येईल’ असं लिहिलंय. करता येतंच की नाही?” येते, महोदय. उडीही मारता येते.

त्यांनी असेही सांगितले की पत्रक वर्षातून एकदाच छापले जाते, तेव्हा दुरुस्ती येत्या शरदात करता येईल. अर्जदाराने विचारले, “आणि हा हिवाळा?” ते म्हणाले, “तो आता संपतच आला.” खिडकीबाहेर त्या वेळी बर्फ काढणारी गाडी स्वतःच बर्फात रुतली होती.

मग यजमान स्वतः आले. म्हणाले, सूचना माझी आहे, मी ती परत घेतो. सहायकांनी नियम पाहिले. सूचना ही पुरस्कारप्राप्त असल्याने पुरस्कार कायम असताना ती चुकीची ठरवता येत नाही. बरे, पुरस्कार परत देतो म्हटले, तर पुरस्कार देण्याची पद्धत आहे, घेण्याची नाही. यजमानांनी बक्षिसाचा फलक टेबलावर ठेवला. सहायकांनी तो पुसून त्यांच्या हातात परत दिला आणि विचारले, “मार्चमध्ये आणखी एक व्याख्यान देता का? मागचं लोकांना फार आवडलं होतं.” अर्जदाराने आयुष्यात यजमानांच्या डोळ्यांत पाणी दोनदा पाहिले आहे. एकदा गिरणी बंद झाली तेव्हा. दुसऱ्यांदा आपल्या दुसऱ्या मजल्यावर.

९. जिन्यात यजमान म्हणाले, “चल, आपणच जाऊ.” तेव्हापासून आम्ही दोघे रोज गावातल्या एकेका रस्त्याने हिंडत आहोत. नळीचे तोंड भिंतीबाहेर असते. यजमान त्यापुढे पातळ कागदाची पट्टी धरतात. पट्टी आत ओढली गेली तर नळी मोकळी. लोंबत राहिली तर आम्ही दार वाजवतो. पट्ट्या पुष्कळ ठिकाणी लोंबल्या, महोदय. आपल्या पत्रकाचे वाचक आपल्याला वाटतात त्यापेक्षा अधिक आहेत.

नळ्यांतून उशी निघाली, हॉकीचे मोजे निघाले, एका घरी तर आपलेच पत्रक बोळे करून कोंबलेले निघाले, तिन्ही प्रती. काही जण आभार मानतात, काही दार लावून घेतात. मेपल रस्त्यावरचा एक गृहस्थ म्हणाला, “नगरपालिकेने छापलंय! तू कोण मला सांगणारा?” यजमानांनी टोपी काढली. “मी तो, फोटोतला.” गृहस्थाने फोटो आणून शेजारी धरून पाहिला. “फोटोत हसतोयस.” “हो,” यजमान म्हणाले, “तेव्हा मी मूर्ख होतो.” हे वाक्य ते आता प्रत्येक दारात म्हणतात. अर्जदार बाजूला उभी असते. पहिल्या दारात हे ऐकून तिला बरे वाटले होते, हे ती नाकारत नाही. विसाव्या दारात तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “पुढच्या दारी मी बोलते.”

१०. आज सकाळी आम्ही बर्च गल्लीत होतो. टोकाच्या निळ्या घरापाशी यजमानांनी पट्टी धरली. पट्टी हलली नाही. दार एका वृद्ध बाईंनी उघडले. कपाळाला ओला रुमाल बांधलेला, एक हात चौकटीवर. अर्जदाराने नाव विचारले. त्या म्हणाल्या, “विनिफ्रेड हॅलिवेल. मुलगा कामावर गेलाय. तो नगरपालिकेत मोठा साहेब आहे.”

अर्जदाराने विचारले, “डोकं केव्हापासून दुखतंय?”

“थंडी लागल्यापासून. ग्रँट म्हणतो, आई, तुला एकटीला करमत नाही म्हणून दुखतं. मन कुठेतरी गुंतव.”

अर्जदाराने त्यांना कोट चढवला, बूट घातले आणि बाहेर काढले. यजमान श्वास रोखून तळघरात उतरले आणि आपल्या नळीतून एक लाल-पांढरा मफलर ओढून वर आले. दारे उघडी टाकून आम्ही गिस्लेनला बोलावले. आपल्या भट्टीची जाळी कधीच बदललेली नाही असे ती म्हणाली. पुढचे ती जे म्हणाली ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. गॅस बंद आहे व लाल चिठ्ठी लटकते आहे. आपल्या मातोश्रींना डॉक्टरांनी तपासले, प्राणवायू दिला, रक्त पाहिले आणि सोडले. सध्या त्या अर्जदाराच्या स्वयंपाकघरात शाल पांघरून बसल्या आहेत. हे सांगायला अर्जदार दुपारी दोनला धावत आपल्या कार्यालयात आली असता आपण बैठकीत असल्याचे व तोंडी काही घेत नसल्याचे खिडकी क्र. २ वरून पुन्हा सांगण्यात आले. म्हणून समोरच्या बाकावर बसून हा अर्ज लिहिला आहे. बैठक कशाची चालली आहे असे विचारले असता, पुढील वर्षीच्या पत्रकाच्या मुखपृष्ठाची, असे कळले.

तरी मेहरबानांस विनंती की, सूचना क्र. ७ आजच्या आज रेडिओवरून मागे घ्यावी, आणि ज्या घरी पत्रक गेले त्या प्रत्येक घरी माणूस पाठवावा. तो तळघरात उतरणारा असावा. बर्च गल्ली आम्ही संपवली आहे. नदीपलीकडचा सगळा भाग राहिला आहे, तिकडे आम्ही म्हाताऱ्यांनी चालत जाणे होत नाही. यजमानांना भाषणाला बोलावू नये. बोलवायचेच असेल तर गिस्लेनला बोलवावे.

निघताना अर्जदाराने आपल्या मातोश्रींना विचारले की, मुलाला काही निरोप द्यायचा आहे का. त्यांनी थोडा विचार केला आणि जे म्हणाल्या ते अर्जदार त्यांच्याच शब्दांत देत आहे : “त्याला म्हणावं, आई सापडत नाही. शोधायला स्वतः ये. चौकशी समिती पाठवू नकोस.”

आपल्याच खिडकीसमोरच्या बाकावरून,
अजूनही नम्र,
(सही) ऑने लेहतोला

दिनांक : १९ फेब्रुवारी, दुपार

सोबत :
१. गिस्लेन त्रुदेल यांचा दोन्ही घरांचा तपासणी दाखला.
२. अद्याप न पाहिलेल्या रस्त्यांची नावे.
३. मफलर, एक. काजळी न झटकता.